धुतलेला पोळ

सारजाबाईंच्या अंगणात येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा गाईचं दावं असायचं. मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठाने, खिलार गाई सांभाळणारी जी थोडी घरं उरली आहेत त्यांना हे अंगण पाठ होतं, कारण तिथे गुलब्या होता. गुलब्या हा पोळ, म्हणजे गाईंसाठी राखलेला वळू. अंगाने पांढरा, मानेवर राखाडी झाक, शिंगं मागे वळून वर गेलेली. अनोळखी माणूस दिसला की तो आधी फुरफुरायचा आणि मग सारजाबाईंकडे बघायचा. त्यांनी "गप" म्हटलं की गप.

मी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. जनावर धरायचं, लाकडी खोड्यात अडकवायचं, डॉक्टरांच्या हातात सामान द्यायचं, एवढंच माझं काम. लिहिण्याचा सराव नाही, आणि हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण सारजाबाईंबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मंच खरं आहे, आणि त्या वेळी मी तिथे होतो. त्यांचे मालक कोंडीबा माझे मित्र. म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला भावजी.

कोंडीबा गेले तेव्हा भावकीने सांगितलं, पोळ सांभाळणं हे काही बाईचं काम नव्हे, विकून टाका. वहिनींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एकजण गाय घेऊन आला तेव्हा त्यांनी पदर खोचला, गाय स्वतः खुंट्याला बांधली आणि गुलब्याला सोडून आणलं. आलेल्या माणसाला कुठे बघावं कळेना. तो वर लिंबाकडे बघत उभा राहिला.

"बघा तिकडंच," वहिनी म्हणाल्या, "तवर लिंबोळ्या मोजा. हितलं मी बघते."

पुढे पुढे सगळ्यांनाच सवय झाली. गुलब्याची वासरं चांगली निघायची, आणि वहिनींना त्या प्रत्येक वासराचं घर माहीत असायचं. लग्नाकार्यात कुठे गेल्या तरी आधी त्या घराच्या गोठ्यात डोकावून यायच्या. गावात त्यांना जो मान होता तो या पोळामुळे होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मग गाई उलटायला लागल्या. म्हणजे पोळाला दाखवून नेलेली गाय पुन्हा माजावर यायची. काही दोन-तीन महिने थांबायच्या, गाभण राहिली म्हणून घरचे खूश व्हायचे, आणि मग तीही उलटायची. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. उसाचा तालुका, जनावर नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर जगलं की असं होतं, असं आम्हीच दवाखान्यात सांगायचो. पण वर्ष उलटलं तरी ते थांबेना.

वहिनींच्या शेजारचा सयाजी सर्वांत त्रासला होता. त्याची कपिला नावाची गाय गुणी होती, पण राहतच नव्हती. एका सकाळी तो गाय घेऊन आला तेव्हा मी वहिनींकडे चहाला बसलो होतो.

"काकी, परत उलटली बघा," सयाजी म्हणाला. "ही शेवटची बारी. ह्या टायमाला न्हाय राहिली तर सांगोल्याचा बाजार दाखवणार हिला."

"नुसती वाढी घालतोस की तिला."

"समदं घालून झालं. शेंगदाण्याची पेंड घातली, अंगारा लावला, बायकूनं शुक्रवार धरला. गाय सोडून घरातल्या समद्यांनी उपास केला."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांची स्वतःची गाय आदल्याच आठवड्यात उलटली होती, आणि तिला पेंड, मका, कडबा सगळं वेळेवर मिळत होतं. त्या कपिलेकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून गुलब्याकडे बघितलं. तो दावणीला शांतपणे कडबा खात होता.

"आज न्हाय सयाजी," त्या म्हणाल्या. "गाय माघारी ने."

"का?"

"न्हाय म्हनले ना."

सयाजी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भावजी, त्येच्या घरचा चारा येगळा, माझ्या घरचा येगळा. पानी येगळं, गोठा येगळा. मग एक काय हाय समद्यांचं?"

उत्तर समोर उभं होतं.

दवाखान्यात तेव्हा नुकत्याच डॉक्टर उत्कर्षा आल्या होत्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी पुन्हा कुणाची नेमणूक झाली नव्हती, त्यामुळे मोठं जनावर धरायचं असलं की त्या मला फोन करायच्या आणि मी जायचो. वहिनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या. सोबत मुलगा होता, अभिमन्यू. तो चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात कामाला असतो, मोटारसायकलने जाऊन येऊन करतो. आईला सोडायचं आणि तसंच कामावर जायचं म्हणून तो आला, पण ऐकायला थांबला.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, एक रोग असतो. ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जंतू आहे, डोळ्यांना दिसत नाही. पोळाच्या लिंगावरच्या कातड्याच्या घडीत तो राहतो. पोळाला काहीच होत नाही. खातो, पितो, धष्टपुष्ट असतो. पण तो गाईवर चढला की जंतू गाईला लागतो आणि तिचा गाभ आतल्या आत जातो. मग ती गाय दुसऱ्या पोळाला दाखवली तर त्यालाही लागतो."

डॉक्टर अगदी स्पष्ट बोलल्या. अभिमन्यू मोबाईल बघू लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. त्या दोघी बायका मात्र एकमेकींकडे बघून बोलत होत्या.

"आवशद?" वहिनींनी विचारलं.

"गाईला काही महिने विश्रांती दिली तर ती बहुतेक आपोआप बरी होते. पोळाला खात्रीचं औषध नाही. त्याच्या अंगात तो जन्मभर राहू शकतो. पण आधी तपासू या. आपण नुसता अंदाज करतोय. पंधरा दिवस त्याला एकही गाय दाखवू नका. मग नमुना घेऊ. एका नमुन्यावर भागत नाही, लागोपाठ तीन घेतले तर खात्री होते."

बाहेर आल्यावर अभिमन्यू म्हणाला, "आई, ही गोष्ट गावात बोलायची न्हाय. एकदा नाव झालं की हाडकाच्या भावात जाईल पोळ."

"आदी तपासू तर दे," वहिनी म्हणाल्या.

पंधरा दिवस त्यांनी एकही गाय अंगणात घेतली नाही. लोक यायचे, दावं हातात घेऊन उभे राहायचे आणि परत जायचे. सयाजी रस्त्यावरून ओरडून गेला, "काय काकी, पोळ म्हातारा झाला का तुमी?" वहिनी म्हणाल्या, "दोगंबी झालोय. तुला काय?" पण कारण सांगितलं नाही. अजून कळायचं होतं.

नमुना घ्यायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. गुलब्या असा चमकत होता की बघत राहावं. शिंगांना तेल, अंगावर एक डाग नाही. डॉक्टर स्कूटीवरून आल्या, हातमोजे घातले आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आज धुतला नाही ना?"

"आज न्हाय," वहिनी म्हणाल्या. ते खरंच होतं.

गुलब्याला खोड्यात घातला. वहिनी त्याच्या तोंडाशी उभ्या राहून गळ्याखाली खाजवत राहिल्या. मी मागे शेपूट धरून. डॉक्टरांनी लांब नळी पोटाखालच्या कातड्याच्या घडीत सरकवली, पिचकारीने कोमट मिठाचं पाणी सोडलं, घडीचं तोंड मुठीत आवळून धरलं आणि दुसऱ्या हाताने बराच वेळ वरून चोळलं. गुलब्याने एकदा पाय आपटला. वहिनी त्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्या आणि तो थांबला. मग ते पाणी परत बाटलीत घेतलं.

भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय ओ?"

"पोळाची तपासनी," वहिनी म्हणाल्या. "तुजी करायची का? रिकामा हाय खोडा आता."

भिंतीपलीकडे हशा झाला आणि माणसं पांगली.

नमुना प्रयोगशाळेत गेला. काही दिवसांनी निकाल आला. जंतू सापडला नव्हता.

अभिमन्यूने पेढे आणले. मलाही घरी आणून दिले. तपासणीची कुजबुज झालीच होती, त्यामुळे आता तो सगळ्यांना मोबाईलवर तो निकाल दाखवत फिरला. डॉक्टरांनी आठवण करून दिली की अजून दोन नमुने घ्यायला हवेत, पण मालकाची इच्छा नसेल तर जबरदस्ती करता येत नाही, आणि त्याच आठवड्यात त्यांना लसीकरणासाठी दुसरीकडे पाठवलं. अभिमन्यू म्हणाला, एकदा झालं ते बास.

त्याला घाई होती, त्याचं कारणही होतं. अक्कलकोटच्या पलीकडून चन्नप्पा नावाचे शेतकरी गुलब्याला बघायला आले. त्यांच्या घरी खिलार गाईंचा मोठा कळप होता आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी त्यांना एक चांगला पोळ हवा होता. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. त्यांनी गुलब्याच्या कपाळाला हात लावून तो हात स्वतःच्या छातीला लावला.

"बसवण्णा हाय हा, यव्वा," ते वहिनींना म्हणाले; यव्वा म्हणजे कानडीत आई. "बसवण्णा, नंदी. माझ्या घरी देव म्हणून ऱ्हाणार."

अभिमन्यूला त्या पैशांत बोअर मारायची होती. एमआयडीसीतलं काम पक्कं नव्हतं. शेताला पाणी झालं तर ते सोडून घरी येईन, असं तो आईला कित्येकदा म्हणाला होता. मुलगा घरी येणार, याच एका गोष्टीसाठी वहिनी गुलब्याला द्यायला तयार झाल्या. चन्नप्पा टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगून गेले.

त्यानंतर एका सकाळी मी वहिनींकडे गेलो होतो. त्या अंगणात बसून दह्याचं मडकं घासत होत्या. गुलब्या जाणार म्हणून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "भावजी, येवढुशा पान्यात त्यो जंतू बघत्यात कसा?"

"लगेच नाही बघत," मी म्हणालो. "आधी त्या पाण्याचे थेंब जंतूच्या खाद्यात घालून उबेला ठेवतात. जंतू असला तर तो वाढतो. दोन-चार दिवसांनी काचेवर घेऊन बघतात. आपल्या विरजणासारखंच म्हणा ना. चमचाभर ताक असलं तरी दही लागतं."

त्यांचा हात मडक्यात थांबला.

"आन मडकं राखंनं घासून कढत पान्यानं धुतलं असलं तर?"

"तर विरजण कुठून लागणार?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. हाताला राख तशीच.

"भावजी, आमी त्येला घासला हुता."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरीण यायची होती त्याच्या आदल्या संध्याकाळी मायलेकरांनी गुलब्याला अंघोळ घातली होती. नुसती अंघोळ नाही. लिंबाचा पाला आणि हळद घालून पाणी उकळलं, कोमट केलं, आणि जिथे नळी घालायची तिथे आतपर्यंत पिचकारीने धुतलं. वरून अभिमन्यूने दवाखान्याच्या वासाचा साबण लावला. का, तर डॉक्टरीण म्हणजे पोरीच्या जातीची, शिकलेली; तिला आपल्या जनावराच्या घाणीत हात घालायला लागू नये. पाहुणी यायच्या आधी घर सारवतात, तसंच ते. आणि डॉक्टरांनी विचारलं होतं, आज धुतला नाही ना. आज नव्हताच धुतला.

"त्यो कागद धुतलेल्या पोळाचा हाय," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, कदाचित तरीही जंतू नसेल. त्या म्हणाल्या, "नसंल तर नसंल. पर आता मला ठावं न्हाय, आन ठावं नसताना मी त्येला दुसऱ्याच्या गाईत सोडू?"

त्यांनी माझ्याच फोनवरून डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. धुऊ नका म्हणून मी आधीच सांगायला हवं होतं. रविवारी मोकळी आहे, तेव्हा येते. काही करू नका. हातही लावू नका."

संध्याकाळी अभिमन्यूला कळलं तेव्हा तो इतका चिडला की मोटारसायकल स्टँडवर लावायचंही विसरला. ती आडवी पडली.

"आई, सरकारी रिपोर्ट हाय तुज्या हातात! चांगला हाय म्हनत्यात त्ये, आन तू म्हनतीस वाईट हाय?"

"मी वाईट न्हाय म्हनत. परत बघू म्हनते."

"आन वाईट निगाला तर? बोअर कुटनं मारू? जन्मभर त्या शेडमदी उबा राहू मी?"

मुलाला घरी आणायची हीच एक वाट वहिनींजवळ होती, आणि ते त्या दोघांनाही ठाऊक होतं.

"चन्नप्पाच्या घरी गाई किती हायत, इचारलंस का त्येला?" त्या म्हणाल्या. "त्या उलटल्या तर त्यो बी अंगारा लावंल, उपास करंल, आन शेवटी गाई बाजारात नील. बाजारातनं आनकी कुनाच्या गोठ्यात. तुजी बोअर माज्या डोळ्यांम्होरं हाय रं. पर त्येचं पानी मला गिळवंल का, त्ये तू सांग."

अभिमन्यूने मोटारसायकल उचलली आणि निघून गेला.

चन्नप्पा ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आले. टेम्पोत कडबा अंथरलेला, गुलब्याच्या गळ्यासाठी नवी घुंगरमाळ आणलेली. वहिनींनी त्यांना आधी चहा दिला आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. धुतल्याचंही.

चन्नप्पांचा चेहरा उतरला. "यव्वा, फोन करायचं नाही का? एवढं लांब टेम्पो आणली मी."

"केला असता तर तुमी म्हनला असता, म्हातारीला दुसरं गिऱ्हाईक गावलं. म्हनून समोर सांगतेय."

ते थोडा वेळ गुलब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू सांगितली नसती तर मला काय कळणार होतं?"

"कायबी कळलं नसतं."

"मग?"

"मग काय? म्हनून तर सांगितलं."

चन्नप्पांनी घुंगरमाळ पुन्हा पिशवीत घातली, कपभर चहा अजून मागून घेतला आणि उठताना मला म्हणाले, "रिकामी टेम्पो लई आवाज करते बघा. अक्कलकोटपर्यंत शिव्या देत जाणार ती मला." पण जाताना त्यांनी गुलब्याच्या कपाळाला पुन्हा हात लावला.

रविवारी डॉक्टर आल्या. या वेळी गुलब्या शेणाने माखलेला होता. वहिनींना त्याची इतकी लाज वाटत होती की त्या सारखं म्हणत होत्या, "बाई, हात खराब हुतील तुमचं."

"होऊ द्या आजी. असाच हवा होता मला," डॉक्टर म्हणाल्या.

नमुना घेतला. त्यांनी बाटली कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि स्वतःच सोलापूरला घेऊन गेल्या. पुढचे दिवस वहिनी नेहमीसारख्या शेण काढत होत्या, वैरण टाकत होत्या, पण गुलब्याशी बोलायच्या नाहीत. तो त्यांच्या मागे मान वळवत राहायचा.

डॉक्टर निकाल सांगायला फोन न करता स्वतः आल्या. प्रयोगशाळेतून मोबाईलवर काही सेकंदांची चित्रफीत आली होती, ती त्यांनी वहिनींना दाखवली. करड्या उजेडात बियांसारखे लहान लहान जीव झटके देत, गोल गोल फिरत होते. वहिनींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"हे?"

"हो आजी."

"येवढुसं? आन लई वळवळतंय की." मग मोबाईल परत देत म्हणाल्या, "बरं. आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. गुलब्या यापुढे कुठल्याच गाईला दाखवायचा नाही. ज्या ज्या गाई त्याच्याकडे आल्या त्या सगळ्यांना तीन महिने पोळापासून लांब ठेवायचं. पुढे पोळाऐवजी इंजेक्शनने, म्हणजे कृत्रिम रेतनाने, भरवायच्या. आणि आसपासच्या गावांतले बाकीचे पोळही तपासायला हवेत, कारण गाई इकडून तिकडे गेलेल्या असणार. जंतू गुलब्याला कुठून लागला ते कळायला मार्ग नाही. "पण मालक पोळ आणून देणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांना नावाची भीती."

"त्ये माझ्याकडं लागलं," वहिनी म्हणाल्या.

पहिल्यांदा त्या सयाजीच्या दारात गेल्या. मी बरोबर होतो. सयाजीच्या कट्ट्यावर दोन-चार माणसं बसली होती. मला वाटलं, त्या त्याला बाजूला बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही.

"सयाजी, गाय इकू नगंस," त्या म्हणाल्या. "खोट तुज्या गाईची न्हाय. माझ्या पोळाची हाय."

पोळाचा मालक आपल्या तोंडाने असं बोलल्याचं मी माझ्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी रोगाचं नाव सांगितलं, ते त्यांना नीट म्हणता आलं नाही, पण बाकी सगळं नीट सांगितलं.

सयाजीचा चेहरा लाल झाला. "दोन वरीस काकी! दोन वरीस त्या गाईला शिव्या दिल्या मी. काठीबी घातली. आन तुमी आज येऊन सांगताय?"

"आज कळलं म्हनून आज आले."

"तुमचं कळनं काय चाटायचं हाय?"

तो अजून बरंच बोलला. वहिनी उभ्या राहिल्या, त्याचं संपेपर्यंत. शेवटी तो आत निघून गेला. त्या म्हणाल्या, "तीन म्हैनं तिला कुटंच दाखवू नगा," आणि पुढच्या घरी निघाल्या.

बाहेरगावच्या घरांना जायला वाहन हवं होतं. सकाळी अभिमन्यू मोटारसायकल सुरू करून दारात उभा राहिला. "बस," एवढंच म्हणाला. त्याने कामावरून रजा टाकली होती. मायलेकरं त्या आठवड्यात माढ्याच्या हद्दीपर्यंत, मोडनिंबच्या अलीकडच्या वस्त्यांवर जाऊन आली. जिथे गुलब्याचं वासरू होतं, जिथली गाय अलीकडे उलटली होती, त्या प्रत्येक घरी वहिनी गेल्या. काही ठिकाणी पाणी मिळालं, काही ठिकाणी दाराच्या आतून उत्तर मिळालं. एका पोळाच्या मालकाने तर हात जोडले, म्हणाला, माझ्या दारात हे नाव काढू नका. वहिनी त्याच्या दारात बसून राहिल्या. अभिमन्यूही शेजारी बसला. ऊन चढलं तसा तो माणूस स्वतःच बाहेर आला.

"काय पायजे तुमाला?"

"तुजा पोळ. दवाखान्यात, एकडाव. आन धुवून आनू नगंस, तसाच आन."

हे वाक्य पुढे डॉक्टरही सगळ्यांना सांगायला लागल्या. हळूहळू पोळ आले. शेणाने माखलेले, धुळीने भरलेले. मी शेपट्या धरून थकलो, पण बरं वाटत होतं. आणखी एका पोळात जंतू सापडला. बाकीचे, तीनदा तपासूनही, निर्मळ निघाले.

गुलब्याचा प्रश्न राहिला होता. कुणीतरी अभिमन्यूला सुचवलं, लांबच्या बाजारात कोण विचारतंय. त्याने ते आईच्या कानावर घातलंही नाही. वहिनींनी आपणच ठरवलं. गुलब्याला बडवून, म्हणजे खच्ची करून, बैल करायचा.

"हा ऐन जवानीतला पोळ आहे, जू घेईल का?" मी विचारलं.

"घील. माजं ऐकतोय."

बडवायच्या वेळी घरातली बाई तिथे थांबत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, भूल देणार आहे, फार त्रास नाही होणार, तुम्ही आत बसा." वहिनी हलल्या नाहीत. तपासणीच्या वेळी उभ्या होत्या तशाच त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, गळ्याखाली हात घालून. चिमटा आवळला गेला तेव्हा गुलब्याचं सगळं अंग थरारलं. वहिनींनी डोळे मिटले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी त्याला स्वतः चालवत गोठ्यात नेलं आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

अंगण रिकामं झालं. सवयीने कुणी गाय घेऊन यायचा, तेव्हा वहिनी म्हणायच्या, "हितं आता पोळ न्हाय, बैल हाय. डॉक्टरीणबाईला फोन लावा." अभिमन्यूची बोअर झाली नाही. तो अजून चिंचोळीलाच जातो, पण सुट्टीच्या दिवशी गुलब्याला जू लावून शिकवायचा. पहिल्या दिवशी गुलब्याने जू झटकून नांगर बांधावर नेला. अभिमन्यू मागे, आणि वहिनी बांधावरून ओरडत, "आरं, त्यो तुला वढतोय का तू त्येला?" पेरणीपर्यंत तो सरळ तासात चालायला लागला.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. ज्या खांद्याने वर्षभर जू ओढलं त्या खांद्याला हळद आणि तेल चोळतात. पोळाला ती नसते, कारण त्याच्या खांद्यावर जू नसतं. वहिनी वाटी घेऊन गुलब्यापाशी उभ्या होत्या. त्याच्या मानेवर, जू घासतं तिथे, नवा घट्टा पडला होता. त्या त्यावर बोट फिरवत होत्या.

फाटकापाशी सयाजी आला. त्या कट्ट्यावरच्या दिवसापासून तो अंगणात आला नव्हता.

"डॉक्टरीणबाई आल्त्या," तो लांबूनच म्हणाला. "कपिला तपासली. इंजेक्शननं थांबलीय म्हनत्यात."

"नक्की?"

"हात घालून बघितलं की त्यांनी."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पाठ वळवून पदराने तोंड पुसलं. मग वाटी त्याच्यापुढे धरली. "आलाईस तर तिकडला खांदा मळ. माजा हात पोचंना तितवर."

सयाजीने बाह्या वर केल्या आणि तेलात बोटं बुडवली.